हेम्पचं बी रोजच्या स्वयंपाकात: पीठ किती, तेल कुठे, आणि हे 'पर्यावरणपूरक' प्रकरण कितपत खरं?

उंबरठा:

नमस्कार मंडळी. घरात एकाला सुक्या मेव्याची ॲलर्जी, दुसऱ्याने दूध सोडलेलं आणि तिसऱ्याला प्रत्येक ताटात "यात प्रथिनं किती?" हा प्रश्न पडतो. तिघांवर एकच उतारा म्हणून हेम्पचं, म्हणजे भांगेच्याच कुळातल्या झाडाचं, बी घरात आलंय. सोललेलं बी, पीठ आणि तेलाची एक छोटी बाटली.

सोललेलं बी आवडलं, त्याबद्दल तक्रार नाही. पिठाचं मात्र कोडं आहे. पाकिटावर लिहिलंय की गव्हाच्या पिठात निम्म्याला निम्मं घातलं तरी चालतं. तसा केलेला पाव फुगायचं नावच घेत नाही, वर शेवाळी रंग. दूध करून पाहिलं, गार असताना छान, पण गरम कॉफीत ओतलं की फाटतं. तेलाबद्दल एक जण म्हणतो सर्वांत आरोग्यदायी, दुसरा म्हणतो गॅसजवळ नेऊ नका. कुणाचं ऐकायचं?

आणि एक मोठा प्रश्न. पाकिटाच्या मागे लिहिलंय की या पिकाला पाणी नको, खत नको, फवारणी नको, आणि ते जंगलापेक्षा जास्त कार्बन शोषतं. एवढं सगळं एकाच पिकात असेल तर जगभर तेच का लावत नाहीत? की मला शेंडी लावतायत?

(सासूबाईंनी "त्याने काही चढत तर नाही ना" हेही विचारून घ्यायला सांगितलंय.)

घाण्यावरची:

उंबरठाताई, मी थंड दाबाने तेल काढणाऱ्या घाण्यावर काम करते. जवस, तीळ, सूर्यफूल, भोपळ्याचं बी आणि हेम्प असं आलटून पालटून चालू असतं. त्यामुळे जे सांगतेय ते रोज हाताखालून जाणाऱ्या मालाबद्दल आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हे धान्य नाही, तेलबी आहे. सोललेल्या बियांत वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. १०० ग्रॅमला ४९ ग्रॅमच्या आसपास तेल आणि ३१-३२ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ३० ग्रॅमला, मोठे तीन चमचे धरा, साडेनऊ ग्रॅम प्रथिनं. तुमच्या तिसऱ्या माणसाला हा आकडा द्या, गप्प बसेल. फक्त एवढंही सांगा की यात लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी पडतं, तेव्हा कडधान्यं सोडून यावरच भिस्त ठेवू नये. कडधान्यांत लायसिन भरपूर, त्यामुळे जोडी छान जमते.

आता पीठ. ते येतं कुठून हे पाहिलंत तर पाकिटावरचं 'निम्म्याला निम्मं' किती फसवं आहे ते कळेल. बी टरफलासकट घाण्यात जातं. एका बाजूने तेल गळतं, दुसऱ्या तोंडातून पेंडेच्या बोटभर कांड्या बाहेर पडतात. गडद हिरव्या, हाताला कोमट, ओल्या गवताच्या वासाच्या. त्या गार झाल्या की दळायच्या. तशाच विकल्या तर पीठ. बारीक जाळीतून चाळल्या तर खाली पडतं ते प्रोटीन पावडर म्हणून वेगळं विकलं जातं आणि वर टरफलाचा भरडा राहतो. म्हणजे तुमच्या पिठात टरफल भरपूर आहे आणि ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, अजिबात नाही. पाव फुगतो तो ग्लुटेनच्या जाळीवर. इथे अर्धं पीठ जाळी न करणारं, आणि टरफलाचे टोकदार कण उरलेली जाळी कापायला बसलेले. फुगणार कशाच्या जिवावर?

पावाला एकूण पिठाच्या दहा टक्क्यांपासून सुरुवात करा. कणिक चांगली ताणली जात असेल तर पंधरापर्यंत जा. वीसच्या वर पाव जड होणारच, मग भले तुम्ही यीस्ट वाढवा. हे पीठ पाणी सावकाश पितं, म्हणून मळताना थोडी सैल वाटली तरी वीसेक मिनिटं झाकून ठेवा आणि मगच ठरवा. बिस्किटं, क्रॅकर, पॅनकेक असं जिथे फुगण्यावर काही अडलेलं नाही, तिथे चौथा हिस्सा खुशाल घाला. खोबरं, कोको, भाजलेला कांदा, मिरी असं ठसठशीत काही सोबत असलं की गवताळ चव मागे हटते. व्हॅनिलाने ती झाकली जात नाही. शेवाळी रंगाला इलाज नाही, कोकोत लपवा नाहीतर मिरवा.

दुधाचं फाटणं मला स्वतःला फार आवडतं, कारण त्यातून दुसरी एक वस्तू मिळते. या बियांतलं मुख्य प्रथिन एडेस्टिन. उष्णता लागली की ते गोळा व्हायला लागतं आणि कॉफीचा आंबटपणा त्याला हातभार लावतो. उपाय असा: दूध आधी वेगळं कोमट करा, उकळू नका, आणि कपात दूध घेऊन त्यावर कॉफी बारीक धारेने सोडा. कमी आंबट, जास्त भाजलेली कॉफी असेल तर आणखी बरं. करायला अर्धी वाटी सोललेलं बी, दोन वाट्या गार पाणी, चिमूटभर मीठ, मिनिटभर मिक्सर. गाळायची गरज नाही. थोड्या वेळाने थर वेगळे होतात, हलवून घ्यायचं. फ्रिजमध्ये तीन दिवस धरा.

आणि मुद्दाम फाडायचं असेल तर हेच दूध दाट करून मंद आचेवर ठेवा. लिंबू नको, व्हिनेगर नको. थोड्या वेळाने कडेला कण दिसू लागतात, मग सगळं आपोआप एकवटतं. फडक्यात बांधून वजन ठेवलं की मऊ, पांढुरका-हिरवट लगदा मिळतो. टोफूसारख्या घट्ट वड्या पडत नाहीत, पण मीठ-मिरी घालून पावाला लावायला याच्याइतकं सोपं काही नाही.

तेलाबद्दल दोघांचंही खरं आहे. या तेलात पाऊण हिस्सा दोनच मेदाम्लांचा असतो, लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक, साधारण तीनास एक प्रमाणात. दुसऱ्याला आपण ओमेगा-३ म्हणतो, आणि बिया-तेलांत ते एवढं सहसा सापडत नाही, म्हणून कौतुक. पण हीच आम्लं हवा, उजेड आणि उष्णता यांनी पटकन बिघडतात. १६५ अंशांच्या आसपास या तेलाचा धूर निघायला लागतो. फोडणी आणि तळण यासाठी ते नाहीच. शिजलेल्या पदार्थावर वरून, सॅलडवर, सूप वाढताना, गरम भातावर. त्याचा हिरवा रंग हरितद्रव्याचा आहे आणि उजेडात तेच तेलाचं नुकसान घडवून आणतं, म्हणून पारदर्शक बाटलीतलं तेल मी फुकट दिलं तरी घेत नाही. काळी बाटली, फ्रिजचा कप्पा, आणि उघडल्यावर दोनेक महिन्यांत संपवायचं. बिघडलेल्या तेलाचा वास नव्या रंगवलेल्या दारासारखा येतो. जवसाप्रमाणेच हे तेल हवेत हळूहळू घट्ट होत जातं, पूर्वी रंग आणि वार्निशमध्ये वापरायचे ते त्यासाठीच.

सोललेलं बीही फ्रिजमध्येच. टरफल गेलं की तेलावरचं पांघरूण गेलं. महिनोन्‌महिने साठवायचं असेल तर सालीसकट बी घ्या आणि लागेल तेवढं मंद आचेवर भाजा. तडतडायला लागलं की उतरवा. ते खरपूस होतं, पण साल दाताखाली येते, म्हणून भाजून, कुटून, चाळून घ्यावं. मीठ-लसूण घालून कुटलंत तर कशावरही भुरभुरवा. सोललेलं भाजायचंच असेल तर कढईजवळून हलू नका. एकदा बदामी झालं की करपायला क्षणभर पुरतो, आणि करपलं की कडू.

ॲलर्जीवाल्या माणसासाठी: हे बी आहे, झाडावरचा सुका मेवा नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना चालतं. पण हेम्पच्या बियांचीही ॲलर्जी असते, क्वचित का होईना. शिवाय आमच्या घाण्यावर तीळही दाबले जातात, दुसऱ्या कुणाच्या घाण्यावर अक्रोड असतील. यंत्र कितीही पुसलं तरी कोपऱ्यात काही राहतंच. पहिला चमचा डॉक्टरांना विचारूनच.

पिकाबद्दल 'काडीमोड' नावाचे सभासद जास्त नीट सांगतील, ते इथे असतात अधूनमधून. माझ्याकडे बी येतं तेव्हा काडी, म्हणजे झाडाचं खोड, कधीच वेगळी झालेली असते.

शंकासुर:

काल बांबू, परवा सोया, आज हेम्प. दर दोन-चार वर्षांनी एक नवं पीक जगाला वाचवायला निघतं आणि पाकीट तेवढं महाग होतं. कार्बन शोषतं म्हणे! हिरवं असलेलं सगळंच शोषतं की. माझ्या मते उंबरठाताईंना शेंडी लावली जातेय.

काडीमोड:

आठवण काढलीत, हजर. मी तंतुपिकांवर काम करतो, शेतातही आणि काडी सोलणाऱ्या यंत्रावरही. शंकासुरांचं अर्धं बरोबर आहे आणि पाकिटाचंही अर्धंच.

'पाणी नको, खत नको' हे साफ खोटं. हेम्पला नत्राची चांगली भूक असते. हलक्या रानात खताशिवाय टाकलंत तर गुडघ्याएवढी, पिवळी रोपं बघत बसावं लागतं. पाणी काही पिकांपेक्षा कमी लागतं, मुळं खोल जातात म्हणून नंतर ताण सोसतं, पण पहिला महिना ओल हवीच. आणि गंमत म्हणजे त्याच पहिल्या महिन्यात पाणी साचलं तर हे पीक सगळ्यात आधी मान टाकतं. निचरा नसलेल्या जमिनीत हेम्प म्हणजे पैसे मातीत.

तणाचं खरं आहे, पण अर्ध्याच पिकाला. तंतूसाठी लावतात तेव्हा पेरणी दाट असते. काही आठवड्यांत वर पानांचं छत बांधलं जातं आणि खाली तणाला उजेडच मिळत नाही. अशा रानात पुढचं पीक घ्यायला मजा येते, जमीन स्वच्छ आणि भुसभुशीत. उंबरठाताई खातायत ते बी मात्र विरळ पेरलेल्या पिकाचं असतं. तिथे ओळींत मोकळी जागा असते आणि तणही खुशीत वाढतं. किडी-रोग येतच नाहीत असंही नाही. पांढरी बुरशी, म्हणजे स्क्लेरोटिनिया, सूर्यफूल, सोयाबीन आणि मोहरीवर असते तीच यावरही येते. म्हणून त्यांच्या पाठोपाठ हेम्प लावणं शहाणपणाचं नाही. फवारणी कमी होते हे खरं, पण त्याचं एक कारण हेही आहे की इतकी वर्षं पीकच बंद असल्यामुळे त्याच्यासाठी मंजूर औषधं फारशी नाहीत.

'मग जगभर का नाही' याचं उत्तर इथेच आहे. अमेरिकेत १९३७ च्या गांजावरच्या कर कायद्याने पिकाचं कंबरडं मोडलं. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ करारात तंतू आणि बियांसाठीच्या लागवडीला स्पष्ट सूट होती, तरी अनेक देशांनी सरसकट बंदीच सोयीची मानली. कॅनडाने १९९८ मध्ये दार उघडलं, अमेरिकेने देशभरासाठी २०१८ च्या कायद्याने. मधल्या काळात वाणसुधारणा, यंत्रं आणि बाजार तिन्ही थांबले. फ्रान्सने लागवड कधी पूर्ण सोडली नाही, म्हणून आज युरोपीय संघातल्या उत्पादनात निम्म्याहून मोठा वाटा त्यांचा आहे. पीक चांगलं असणं वेगळं आणि त्याच्यामागे गिरणी उभी असणं वेगळं.

कापणीही सरळ नाही. बी एकसाथ पिकत नाही. खालचं गळायला लागतं तेव्हा शेंड्याचं हिरवं असतं, पाखरं तर टपलेलीच. त्यामुळे थोडं ओलं असतानाच काढावं लागतं. तंतू इतके चिवट की मळणीयंत्राच्या फिरत्या दांड्यांभोवती गुंडाळले जातात. यंत्र थांबवायचं, चाकू घेऊन खाली शिरायचं आणि कापून काढायचं. बेअरिंग तापून पेटलेली यंत्रंही पाहिली आहेत. ओलं बी ढिगात ठेवलं तर काही तासांत आतून तापतं. लगेच हवा फिरवून, वाळवून ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर आणावा लागतो. तिथे आळस झाला की घाण्यावर वास येणार, घाणा कितीही चांगला असो.

आता कार्बन. युरोपीय आयोग एका हेक्टरला ९ ते १५ टन कार्बन डायऑक्साइड असा आकडा देतो. तो तरुण जंगलाच्या बरोबरीचा आहे, आणि पीक पाचेक महिन्यांत तयार होतं. शंकासुर, इथे तुमचा मुद्दा लागू पडतो. शोषणं महत्त्वाचं नाही, शोषलेलं पुढे कुठे जातं ते महत्त्वाचं. आपण बी खाल्लं तर त्यातला कार्बन लवकरच श्वासावाटे परत. मुख्य साठा काडीत. काडीत साधारण पाव ते तिसरा हिस्सा तंतू, बाकी आतला लाकडी गाभा. त्या गाभ्याचा भुसा चुन्यात कालवून भिंती भरल्या, तंतूचे मोटारींच्या दारांचे आतले फलक केले किंवा कापड केलं, तर कार्बन वर्षानुवर्षं अडकून राहतो. काडी शेतातच पेटवली तर ९ टन काय नि १५ टन काय, सगळं धुरात.

आणि ती पेटवली जाते. बीसाठी वाढवलेल्या पिकाची काडी जाड, निबर. काडी आकाराने मोठी आणि वजनाने हलकी, लांब वाहून नेणं परवडत नाही. सोलणारं यंत्र जवळपास नसेल तर शेतकरी काय करणार? त्यामुळे मला कुणी विचारलं की हेम्पचं बी पर्यावरणपूरक आहे का, तर माझा उलटा प्रश्न असतो: काडीचं काय केलं?

उंबरठा:

अरे बापरे, एवढं सविस्तर! दोघांचे मनापासून आभार. पीठ आता दहा टक्क्यांवर आणते. तेलाची बाटली पारदर्शक होती, झाकण उघडून वास घेतला तर रंगवलेलं दारच. टाकून दिली.

सासूबाईंचा प्रश्न राहिला. आणि नवीन घेताना पाकिटावर काय बघायचं? शिवाय सालीसकट बी आणलं तर थोडं कुंडीत टाकू का? झाड दिसायला छान असतं म्हणतात.

घाण्यावरची:

सासूबाईंना सांगा, चढत नाही. नशा आणणारं टीएचसी बी स्वतः तयार करत नाही. ते असतं बीभोवतीच्या हिरव्या आवरणावरच्या चिकट राळेत. मळणीत ती राळ थोडीशी टरफलाला लागते. साफ केलेल्या बियांत नावापुरती, सोललेल्यात त्याहून कमी. युरोपीय संघाने खाण्याच्या बियांसाठी किलोमागे ३ मिलिग्रॅम आणि तेलासाठी ७.५ मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा घातली आहे. पीकही मुळात ०.३ टक्क्याच्या आतल्या वाणांचंच लावायचं असा नियम तिथेही आहे आणि अमेरिकेतही. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बी, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. पानं आणि फुलं यांचं प्रकरण पूर्ण वेगळं, ते यात मिसळू नका. घरात कुणी खेळाडू असेल किंवा नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होत असेल, तर मात्र त्या लॉटचा तपासणी अहवाल मागूनच घ्या, किंवा सरळ टाळा.

अहवालात आणखी एक ओळ बघा, जड धातूंची. हे झाड जमिनीतला कॅडमियमसारखा धातू ओढून घेतं. दूषित जमीन साफ करायला ते वापरून पाहतात ते त्यामुळेच, आणि तसल्या जमिनीतलं बी ताटात नको. 'नैसर्गिक' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असण्यापेक्षा हा एक कागद जास्त मोलाचा.

पाकिटावर दाबल्याची किंवा सोलल्याची तारीख असेल तर ते पाकीट घ्या. फक्त 'अमुकपूर्वी वापरा' असेल तर त्यावरून काही कळत नाही. घरी आल्यावर चार दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारा आणि एक चावा. सोललेलं बी पांढुरकं, मधूनमधून हिरवी कणी, चव अक्रोड आणि सूर्यफुलाच्या अधलीमधली. सगळं पिवळट दिसत असेल आणि घशाशी खाजल्यासारखं वाटत असेल तर परत करा, बिनदिक्कत.

विक्रेत्याला काडीमोडांचा प्रश्नही विचारून बघा. मी आमच्याकडे बी देणाऱ्यांना विचारायला सुरुवात केली आहे. काही जण काडी कुठे जाते ते लगेच सांगतात, यंत्राचं नाव, अंतर, सगळं. काही विषय बदलतात. माल कुणाकडून घ्यायचा हे ठरवायला मला तेवढं पुरतं.

आणि कुंडीचं अजिबात मनावर घेऊ नका. सोललेलं तर उगवणारच नाही. सालीसकट बी कच्चं असेल तर उगवू शकतं, पण परवान्याशिवाय एक रोप लावणंही बऱ्याच देशांत गुन्हा आहे, आणि बाल्कनीतल्या रोपात टीएचसी किती हे पोलीस तुम्हाला विचारत बसणार नाहीत. शोभेला झेंडू लावा. ते बी मीठ-लसूण घालून कुटून टाका.